ऱ्होड्स, वाइन आणि एकरी उतारा

सगळ्यात आधी एक गोष्ट स्पष्ट करते: मी गाइड नव्हते. माझ्या हातात झेंडा नव्हता, खांद्याला स्पीकर नव्हता, मी कुणालाही बस किती वाजता सुटणार हे सांगत नव्हते. तरीही ऱ्होड्स या ग्रीक बेटावरच्या जुन्या शहरात, भर दुपारी, एका ग्रीक वाइनवाल्याने मला स्वयंपाकघराच्या दाराजवळची खुर्ची दाखवली आणि प्रेमाने सांगितलं की गाइड लोकांचं जेवण तिकडे असतं. त्याच वाइनवाल्याकडे मी वाइन-टेस्टिंगचे तीस युरो आगाऊ भरले होते. पावती फोनमध्ये होती. अजून आहे.

मी गेले होते ‘बेट जिभेने समजून घ्यायला’. असं काहीतरी त्या टेस्टिंगच्या जाहिरातीत होतं आणि मला ते फार आवडलं होतं. ऱ्होड्सचं जुनं शहर म्हणजे सुमारे चार किलोमीटरच्या तटबंदीत कोंबलेला इतिहास. सेंट जॉनचे सरदार, म्हणजे ख्रिस्ती धर्मयोद्धे, इथे 1309 पासून राज्य करून होते, 1522 मध्ये तुर्कांच्या सुलतान सुलेमानने सहा महिने वेढा घालून त्यांना हुसकावलं, 1912 मध्ये इटालियन आले, 1947 मध्ये बेट ग्रीसला मिळालं आणि 1988 मध्ये हे जुनं शहर युनेस्कोच्या यादीत गेलं. एवढं सगळं सोसून हे शहर आता फ्रिजवर चिकटवायची मॅग्नेट विकतं. सोक्रातुस रस्त्यावर तर दर दुसऱ्या दुकानात तीच गाढवं, तीच घुबडं आणि दारात उभा तोच पोरगा, जो माझा चेहरा बघून ‘नमस्ते, शाहरुख खान’ म्हणतो. मी शाहरुख खान नाही हे सांगण्यात माझा बराच वेळ गेला.

गल्ल्यांमध्ये समुद्रावरचे गोटे उभे रोवून फरशी केलेली आहे. काळ्या-पांढऱ्या गोट्यांची नक्षी फोटोत फार देखणी दिसते, पायाला नाही. वाइनवाल्याच्या अंगणात शिरताना माझी टाच अशाच एका गोट्यावर वळली आणि मी ‘आई गं’ केलं. तेवढंच. त्या ‘आई गं’ने माझी दुपार खाल्ली.

“कोल्हापूरकडच्या का ओ ताई तुम्ही?”

कोपऱ्यातल्या बाकावर एक काका बसले होते. पांढरी टोपी, पांढरा लेंगा, त्याखाली पोराने घेऊन दिलेले झळझळीत स्पोर्ट्स शूज. गळ्यात क्रूझच्या ग्रुपचं लॅमिनेट केलेलं कार्ड आणि त्याच्या आत तुळशीची माळ. गाव तासगाव, धंदा द्राक्षं. मंडळी मॅग्नेट आणायला गेली होती, काकांना इथे सावली दिसली म्हणून ते टेकले होते. एका ‘आई गं’वरून जिल्हा ओळखणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते.

“हो, कोल्हापूर.”

“कुठं?”

“शाहूपुरी.”

“शाहूपुरीत कुणाच्या? वडलांचं नाव काय?”

नेमका याच क्षणी माझा पहिला ग्लास आला. अथिरी. बेटावरची पांढरी द्राक्षं, अत्ताविरोस डोंगराच्या उतारावर एंबोना गावाभोवती पिकतात, वाइन हलकी, लिंबाच्या वासाची. हे सगळं मी वाचून आले होते. पण समोर माळकरी माणूस, तोंडात माझ्या वडिलांचं नाव, आणि चेहऱ्यावर ‘हे नाव कुठंतरी ऐकलंय’ असे भाव. माझा हात ग्लासावरून आपोआप सुटला. मी मेन्यूकार्ड उभं केलं आणि ग्लास त्यामागे सरकवला. स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या सुट्टीत, घरापासून हजारो किलोमीटरवर, चाळिशीतली बाई वाइन लपवत होती. वरून काका म्हणाले, “प्या की, पैसं भरलंयसा न्हवं?” हे म्हणताना ते माझ्याकडे ज्या नजरेने बघत होते, त्या नजरेखाली साधं पाणीसुद्धा घशाखाली उतरलं नसतं.

मी खाण्याकडे वळले. पितारुदिया आले होते: काबुली चणे भरडून त्यात कांदा, टोमॅटो, पुदिना घालून तळलेले, ऱ्होड्सची खासियत. काकांनी एक उचलून तोडला, आत बघितलं आणि निकाल दिला, “भजीच की.” मग किंमत विचारली. मी सांगितली. त्यानंतर काका काही वेळ बोललेच नाहीत. माझ्यावर ओढवलेल्या प्रसंगाबद्दल त्यांना मनापासून वाईट वाटलं असावं.

इथे सगळं संपलं असतं. पण डोक्यावर वेलाचा मांडव होता.

काका उठले, बाकावर चढले (स्पोर्ट्स शूज काढून, हे सांगायला हवं) आणि एक पान तोडलं. आधी पालथं करून उजेडात धरलं. मग सुलटं केलं, अंगठ्याने घासलं. अंगठ्याला पांढरी भुकटी लागली. तो अंगठा त्यांनी थेट वाइनवाल्याच्या नाकासमोर नेला.

“डाऊनी न्हाई. भुरी हाय. सांगा त्याला.”

मी सांगितलं. म्हणजे जमेल तसं सांगितलं: डाऊनी म्हणजे केवडा, भुरी म्हणजे ही पांढरी भुकटी, दोन्ही वेलावरच्या बुरश्या. वाइनवाला, साठीचा, पोट सुटलेला, इतका वेळ मला ‘या वाइनमध्ये तुम्हाला काय जाणवतं’ असं शाळामास्तरासारखं विचारणारा, त्या अंगठ्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्याकडे पाठ करून काकांसमोर खुर्ची ओढली.

“बोर्डो मारत न्हाईत काय हे?” काका.

“ते विचारतायत, बोर्डो...” मी.

वाइनवाल्याचा चेहरा लाल झाला. त्याच्या अंगणात, त्याच्या वेलाखाली, त्याच्या आजोबांच्या मळ्यातली वाइन समोर असताना कुणी फ्रेंच वाइन मागत होतं! दारातून आत जाऊन तो निघून जायच्या बेतात होता. मोरचूद आणि चुना, फवारणी, बुरशी, एकोणिसाव्या शतकात बोर्डो भागात निघालेलं औषध, असं मी हातवाऱ्यांसकट समजावलं, शेवटी फुसफुस आवाज काढत पाठीवरच्या पंपाचा अभिनय केला. शेजारच्या टेबलावरच्या जर्मन जोडप्याने टाळ्या वाजवल्या. तेव्हा कुठे तो हसला. आणि मग स्वतःहून म्हणाला की बोर्डो केवड्याला, भुरीला गंधक. काकांनी ‘सल्फर’ शब्द अधांतरी पकडला आणि दोघांनी एकमेकांचे हात दाबले. तिथून पुढे मी माणूस राहिले नाही, यंत्र झाले.

“इचारा, एकरी उतारा किती?”

ग्रीसमध्ये एकर नाही, स्ट्रेमा आहे. स्ट्रेमा म्हणजे हजार चौरस मीटर. मी फोनवर हिशेब मांडायला लागले तर काका म्हणाले, “म्हंजे धा गुंठं.” बरोबर होतं, जवळजवळ धाच. वाइनवाला म्हणाला, स्ट्रेम्याला सातशे-आठशे किलो. चाराने गुणलं. एकरी तीन टन.

“तीनच?” काकांचा आवाज खाली आला. “पोटाला पुरतं काय इचारा.”

हे मी विचारलं नाही. मी विचारलं की उत्पन्न समाधानकारक आहे का. काका बहुधा तेवढं इंग्रजी समजतात, कारण ते माझ्याकडे बघून म्हणाले, “तसं न्हवं. पोटाला.” मग विचारलं. वाइनवाल्याने मांडवाकडे बघितलं आणि सांगितलं की पुरत नाही, म्हणून तर हे अंगण, हे टेस्टिंग. मुलगा हॉटेलात लागलाय. क्रूझवाले चार-पाच तासांसाठी उतरतात, मॅग्नेट घेतात, जहाजावर फुकट जेवण आहे म्हणून परत जातात. हे सांगताना त्याने दारातल्या पाटीकडे हात केला, तिच्यावर आठ भाषांत ‘या’ लिहिलेलं होतं.

काका म्हणाले, त्यांच्याकडे एकरी दहा-बारा टन निघतात, औषधालाच निम्मे पैसे जातात, अवकाळी आली की घड कुजतात, आणि एका वर्षी सगळं साधलं तेव्हा व्यापारी माल भरून पळाला. अजून सापडला नाही. हे मी भाषांतर करत असताना माझी दुसरी वाइन आली, मंदिलारियाची लाल, जिला इथे आमोर्यानो म्हणतात. ती मेन्यूकार्डामागे पहिलीच्या शेजारी गेली.

खरं सांगायचं तर या दुपारसाठी मी तयारी केली होती. ऱ्होड्सची वाइन दोन हजार वर्षांपूर्वी कुठकुठे जायची, तिच्या मातीच्या घड्यांच्या कानांवर त्या वर्षीच्या पुजाऱ्याचं नाव आणि महिना ठसवलेला असायचा, ते कान अलेक्झांड्रियापासून काळ्या समुद्रापर्यंत सापडतात, हे सगळं मला पाठ होतं. अॅरिस्टॉटलची गोष्टही होती. एका रोमन लेखकाने लिहून ठेवली आहे: मरणाच्या दारात असताना शिष्यांनी तुमच्या शाळेचा वारस कोण असं विचारल्यावर अॅरिस्टॉटलने दोन वाइन मागवल्या, एक ऱ्होड्सची, एक लेस्बॉसची. दोन्ही उत्तम, पण लेस्बॉसची अधिक गोड, असं म्हणाला. शिष्यांनी ओळखलं: ऱ्होड्सचा युदेमस नाही, लेस्बॉसचा थिओफ्रास्टस. केवढी नाजूक गोष्ट! मी ती सांगितली. वाइनवाल्याने ऐकून घेतली आणि म्हणाला, अॅरिस्टॉटल आजारी होता.

मग मी शेवटचा पत्ता टाकला. आमच्या कोल्हापुरात, टाउन हॉलच्या संग्रहालयात, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेली पोसायडनची कांस्यमूर्ती आहे. तुमचा समुद्रदेव, आमच्या पंचगंगेच्या काठी! मला वाटलं होतं, तो निदान भुवया उंचावेल. तो म्हणाला, “छान,” आणि काकांना विचारायला सांगितलं की तुमच्याकडे छाटणी कधी करतात.

“दोनदा. एप्रिलात खरड छाटणी, आक्टोबरात फळ छाटणी.”

वाइनवाल्याचा विश्वास बसेना. दोनदा? वर्षातून? इथे हिवाळ्यात वेल झोपतो, पानं गळतात, थंडीतच एकदा छाटतात.

“झोपतोय?” काकांनी मान हलवली. “नशीबवान हाय. आमची बाग झोपत न्हाई आन मालकालाबी झोपू देत न्हाई.”

हे भाषांतर मला चांगलं जमलं. वाइनवाला इतका हसला की आतून त्याची बायको बाहेर आली. तिने काकांसाठी मेलेकुनी आणली: तीळ, मध, संत्र्याची साल, लग्नात पाहुण्यांना वाटतात ती. माझ्या तीस युरोंत मेलेकुनी होती, तिसऱ्या ग्लासाबरोबर, जाहिरातीत लिहिलेलं होतं. ती ताटली काकांपुढे गेली. काकांनी खिशातून बेदाण्याची पुडी काढली आणि टेबलावर ओतली. स्वतःच्या शेडवर वाळवलेला, हिरवट, लांबट. वाइनवाल्याने एक उचलला, चावला, डोळे मिटले. मला जे ‘काय जाणवतं’ म्हणून विचारत होता ते सगळं त्याला तेव्हा जाणवलं असावं.

तो आत गेला आणि बिनलेबलाची बाटली घेऊन आला. जुन्या वेलांची, घरची, विकायची नसते ती. काकांपुढे ग्लास भरला. काकांनी शर्टातून माळ बाहेर काढून दाखवली आणि हात जोडले. मी समजावलं: व्रत, विठोबा, पंढरपूर. वाइनवाल्याने छातीवर हात ठेवला, ग्लास परत उचलला. माझा हात, मला आता स्पष्ट आठवतं, टेबलावर अर्धा पुढे गेला होता. त्याने काकांच्या नावाने ग्लास उंचावला आणि स्वतः पिऊन टाकला. मग सुमा आणली, द्राक्षांच्या चोथ्यापासून काढतात ती कडक दारू. तीही काकांच्या नावाने, तीही स्वतःच. काका खुशीत होते. “बगा, कसा मानूस हाय.”

तेवढ्यात ग्रुप परतला. वीस-पंचवीस माणसं, मॅग्नेटच्या पिशव्या, मला घेरून प्रश्न: टॉयलेट कुठे, वायफाय आहे का, बस कुठल्या दरवाजाला येणार. मी खरंच मरीन गेटची दिशा दाखवली. नकाशा मला पाठ होता. हे बघूनच वाइनवाल्याचा ग्रह पक्का झाला आणि खुर्चीचा तो प्रसंग घडला. मी पावती दाखवली. तो फार ओशाळला. माफी मागून त्याने बिल आणलं: पावाचे वेगळे पैसे, दोन माणसांचे. दुसरा माणूस कोण, तर काका. पाव काकांनीच खाल्ला होता, कांद्याबरोबर. टेबलावर उभं मेन्यूकार्ड तोपर्यंत कुणीतरी उचललं होतं आणि त्यामागचे माझे दोन्ही ग्लास, ओठांचा स्पर्शही न झालेले, आत धुवायला गेले होते. तिसरा आला की नाही ते मला आजही माहीत नाही.

निघताना त्याने काकांना मस्कत द्राक्षांची गोड वाइन भेट दिली, रिबीन बांधून. माळकरी माणूस बाटली घरी कशी नेणार? काकांनी चौफेर बघितलं. मी अगदी समोर उभी होते. कोल्हापूरची, शाहूपुरीची, दुपारभर त्यांची जीभ झालेली.

“वडलांस्नी नमस्कार सांगा,” ते म्हणाले आणि बाटली टूर मॅनेजरच्या हातात दिली. पोरगा असेल पंचविशीचा. त्याने थँक्यू म्हटलं, बाटली छातीशी धरली आणि मला त्याचा मोबाइल देऊन विचारलं, ताई, ग्रुपचा एक फोटो काढता का, तुम्ही लोकलच आहात ना.