दळलेला कोळसा आणि जळलेली मोटर

भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक वीज केंद्रातल्या 660 मेगावॉटच्या संचाच्या बातमीवरून विषय निघाला आणि अर्थातच विलासनं काढला. कट्ट्यावर पेपर कुणी आणत नाही. विलास मोबाईल नाकाशी धरून वाचतो आणि दर ओळीवर "फॅक्ट आहे" असा शिक्का मारतो.

"अमेरिका म्हणजे अमेरिका भो! मिलवॉकीजवळ, मिशिगन सरोवराच्या काठावर, लेकसाईड पॉवर प्लांट. 1921. निव्वळ दळलेल्या कोळशावर चालणारं जगातलं पहिलं वीज केंद्र. फॅक्ट आहे. आपले लोक तेव्हा चिमणीत रॉकेल ओतत होते."

"त्या चिमणीवर शिकलेली माणसं तुझ्यापेक्षा बरी निघाली," नाना म्हणाले.

अण्णांनी बशी खाली ठेवली. दीपनगरला कोल मिलवर, म्हणजे कोळसा दळायच्या चक्कीवर, हयात गेलेला माणूस. "लेकसाईड नंतरचं रे. आधी त्याच गावात, ओनायडा स्ट्रीटच्या जुन्या केंद्रात प्रयोग झाले, 1918-19ला. कंपनी ट्राम चालवणारी. तोवर जाळीवर कोळशाची ढेकळं जाळायची पद्धत. पीठ करून हवेबरोबर भट्टीत फुंकायचं म्हटल्यावर लोक घाबरले, स्फोट होईल म्हणून. उगाच नाही घाबरले. कोळशाची धूळ पेटली की विचारू नको."

"मग जमलं कसं?" मी विचारलं. विलास पुढची लिंक उघडत होता, म्हणून घाईनंच.

"खरा त्रास राखेचा. एवढ्या आचेत राख वितळते, तळाशी दगड होऊन बसते, भट्टीच्या विटा खाते. त्यांनी तळाशी पाण्याच्या नळ्यांची जाळी टाकली. राख पडता पडता थिजायची." बोलता बोलता अण्णांची चिमूट आपोआप चोळली जात होती. "आम्ही सॅम्पल असं बघायचो. खर लागली की समजायचं, मिलचं काम निघालं. शंभरातला सत्तर भाग 200च्या चाळणीतून, म्हणजे इंचाला 200 भोकांच्या जाळीतून, गेला पाहिजे. आणि ज्योत बघायची निळ्या काचेतून. नुसत्या डोळ्यानं बघशील तर संध्याकाळी बायको ओळखू येणार नाही."

"तरीच तुम्ही सुखात राहिलात," नाना.

"पण सरोवर कशाला लागतं?" विलास.

"वाफेचं परत पाणी करायला. त्यांना मिशिगन, आपल्याला हतनूरचं धरण. आणि तळ्याचंच कौतुक असेल तर खोपोलीचं वीज केंद्र घे. 1915. टाटांनी लोणावळ्याच्या वळवण तलावाचं पाणी घाटाखाली सोडलं न् मुंबईच्या गिरण्या चालवल्या. कोळसा नाही, धूर नाही."

"आणि 1921 साली," नाना म्हणाले, "तुझं लेकसाईड झालं तेव्हा, मुळशीत सेनापती बापट न् तिथले मावळे शेतकरी त्याच टाटांच्या धरणाचं काम अडवून बसले होते. ते नाही आलं मोबाईलवर?"

"ते पॉलिटिकल आहे, नाना."

"बरोबर. जमीन बुडाली त्याचं पॉलिटिकल, वीज मिळाली त्याचं टेक्निकल."

विलासनं स्क्रीन वर-खाली केली. तिथं काही सापडेना.

अण्णांना मात्र ते लागलं. "म्हणजे वीज नको का तुम्हाला?"

"हवी ना. दिवसा हवी. रात्री दोनला केळीत पाणी भरायला उठा, मग बोला. आणि माझ्या मोटरचं काय? जास्त लोड आला की मोटर बंद करणारा ओव्हरलोड रिले काढून थेट जोडली कुणी? 'काही होत नाही, मी बॉयलर सांभाळलेत' म्हणालं कोण?"

"व्होल्टेजच नव्हतं त्या दिवशी!"

"धूर मात्र फुल व्होल्टेजचा होता."

इथून पुढे कोळशाचं काही खरं राहिलं नाही. अण्णा वाइंडिंगवाल्यावर घसरले, नाना अण्णांच्या मेहुण्यावर, कारण वाइंडिंग त्याच्याकडेच केलं होतं. विलासनं मध्येच तोंड घातलं, "लेकसाईड 1983ला बंद पडलं. आणि ओनायडा स्ट्रीटच्या त्या इमारतीत आता नाटकं होतात. फॅक्ट आहे."

"अण्णा रिटायर झाले तेव्हापासून इथंही तेच चाललंय," नाना म्हणाले.

अण्णांना हसताना ठसका लागला. नानांनी त्यांच्या पाठीवर थापा मारत टपरीवाल्याला ओरडून सांगितलं, चारही चहा अण्णांकडे लाव, वाइंडिंगच्या खात्यात.