डिपॉझिट दुरुस्तीसाठी नसतं, मावशी!

काल मावशीने एक फॉरवर्ड पाठवला, खाली लिहिलं, ‘बघ, मी म्हणत होते ना?’ फ्लॅट भाड्याने द्या नि निवांत राहा, असा एकूण सूर. तिचा धायरीतला वन बीएचके 16 हजारांनी जातो. त्यातला एक रुपया ती दुरुस्तीसाठी बाजूला काढत नाही, म्हणून हे लिहायला बसलो.

फॉरवर्ड म्हणतो, ‘दुरुस्ती डिपॉझिटमधून भागते.’ अहो, डिपॉझिट भाडेकरूचं! त्याने दार फोडलं तर जरूर कापा. पण पाच वर्षांत रंग उडाला, बोअरच्या पाण्याने गिझरचं कॉईल गेलं, बाथरूममधून खालच्यांच्या छतात ओल उतरली, हे त्याच्या माथी कसं मारणार? मावशीने तेच केलं. आधीच्या भाडेकरू मुलाच्या डिपॉझिटचे 50 हजार वॉटरप्रूफिंगमध्ये घातले आणि तो सोडून निघाल्यावर परत द्यायला एफडी मोडली. बँकेत तिच्याबरोबर मीच गेलो होतो. तरी हा फॉरवर्ड मलाच!

‘बाकी सगळं सोसायटी बघते.’ बरं, अर्धं खरं. गच्ची, बाहेरच्या भिंती, लिफ्ट, पंप सोसायटीचे. पण गृहनिर्माण संस्थांचे आदर्श उपविधी, म्हणजे सोसायट्यांची नमुना नियमावली, उघडा. जमीन सोडून फ्लॅटचा जो बांधकाम खर्च, त्याच्या वर्षाला 0.75 टक्के दुरुस्ती निधी आणि निदान 0.25 टक्के सिंकिंग फंड, म्हणजे पुढच्या मोठ्या कामांसाठीची गंगाजळी. बांधकाम खर्च 20 लाख धरला तर झाले वर्षाला 20 हजार, तेही फक्त सामाईक भागांसाठी. कितीतरी सोसायट्या एवढं गोळा करत नाहीत, मग लिफ्ट बदलायची वेळ आली की प्रत्येकाच्या दारात एकरकमी वर्गणी. घराच्या आतलं मालकाने बघायचं, आणि त्यासाठी या फॉरवर्डवाल्यांची तरतूद शून्य.

‘सरकार दुरुस्तीला 30 टक्के देतं.’ देत नाही हो! पालिकेचा भरलेला कर वजा करून उरलेल्या भाड्यावर आयकरात 30 टक्के वजावट मिळते, दुरुस्ती करा वा नका करू. मावशीला मुळात आयकरच लागत नाही. तिच्या हाती काय पडणार?

‘नव्या इमारतीत दहा वर्षं खर्च नाही.’ रेरात, म्हणजे बिल्डरांसाठीच्या कायद्यात, बिल्डरवर बांधकामातल्या दोषांची जबाबदारी ताब्यापासून पाच वर्षं आहे. दहा कुठून आणली?

तिला म्हटलं, दरमहा 2 हजार वेगळ्या खात्यात टाक. तर म्हणे, ‘मग माझ्या हातात काय राहणार?’

चौदा हजार. मेंटेनन्स त्यातूनच.