टिंब द्या, माणूस तोडा

एखाद्याशी संबंध तोडायला पूर्वी केवढा खटाटोप लागायचा! बोलणं टाकायचं, रस्त्यात तोंड फिरवायचं, मध्यस्थांकरवी निरोप धाडायचे. आता मेसेजच्या शेवटी एक टिंब पुरतं. "बरं" लिहा, समोरचा निवांत झोपतो. "बरं." लिहा, तो पहाटेपर्यंत आपण काय केलं ते आठवत बसतो.

ही विद्या येत नसेल तर आजच शिकून घ्या.

वाक्य संपलं की पूर्णविराम, हे शाळेतलं आधी विसरा. चॅटमध्ये वाक्य संपल्याचं मेसेज पाठवण्यातूनच कळतं. त्यामुळे टिंबाची नोकरी गेली आणि रिकामटेकडं टिंब भलत्या धंद्याला लागलं. अमेरिकेतल्या बिंगहॅम्टन विद्यापीठात २०१५ साली १२६ विद्यार्थ्यांना एका शब्दाची उत्तरं असलेले मेसेज वाचायला दिले होते. टिंब दिलेली उत्तरं त्यांना कमी मनापासूनची वाटली. हाताने लिहिलेल्या चिठ्ठीत मात्र त्याच टिंबाचं कुणाला काही वाटलं नाही. कागदावर सज्जन, मोबाइलवर गुंड! तेव्हा मित्राने हौसेने फोटो टाकला की "नाद खुळा." असं लिहा. "नाद खुळा!" म्हणजे कौतुक. टिंब दिलंत की तीच शोकसभा होते. "विषय संपला!" म्हणजे याच्यापुढे कुणी जाऊच शकत नाही. "विषय संपला." म्हणजे खरोखरच संपला, आता फोन करू नकोस.

खरी कमाई "भावा" या शब्दात आहे. "भावा!" म्हणजे जीव ओवाळून टाकणं. "भावा," असा स्वल्पविराम दिसला की पुढचं न वाचता शिल्लक तपासा, उसने मागणार आहे. "भावा..." म्हणजे प्रेमभंग, रात्र हातची गेली. आणि "भावा?" आलं तर तुम्ही ग्रुपवर आत्ता जे टाकलंत ते ताबडतोब डिलीट करा. अक्षरं दोनच, पण नातं दर वेळी नवीन.

तीन टिंबांबद्दल वडीलधाऱ्यांना चुकूनही काही सांगू नका. ते बिचारे श्वास घ्यायला टिंबं देतात. "घरी ये... बोलायचंय... सावकाश ये..." एवढं काकांनी लिहिलं की पुतण्या वकील शोधतो. काकांना फक्त वायफायचा पासवर्ड हवा असतो. हा गैरसमज जपा, घरात थोडा धाक राहतो.

अवतरणचिन्हं मात्र हात राखून वापरा. "तू फार 'हुशार' आहेस" एवढ्यावर थांबा. दोन्ही बाजूंनी धरलेला चिमटा आहे तो, जास्त दाबला तर समोरच्याला कळतं.

मोडी लिहिणाऱ्यांना यातलं काहीच लागत नव्हतं. विरामचिन्हं नाहीत, दोन शब्दांत मोकळी जागाही नाही, तरी मोठमोठे व्यवहार पार पडले. मग एकोणिसाव्या शतकात मेजर टॉमस कँडी या इंग्रज अधिकाऱ्याने मराठीत विरामचिन्हं रुजवली. अर्थ स्पष्ट व्हावा, असा त्याचा भाबडा हेतू होता.

कुणी म्हणेल, हसरा चेहरा जोडला की भागतं. १९ सप्टेंबर १९८२ रोजी कार्नेगी मेलन विद्यापीठात स्कॉट फाहलमन यांनी विसर्गासारखी दोन टिंबं, आडवी रेघ आणि कंस जोडून नेमकं हेच सुचवलं होतं, विनोद हा विनोद म्हणून ओळखू यावा म्हणून. आज "मस्त काम केलंस. :-)" असा मेसेज साहेबांकडून आला, तर हसू कुणाला येतं? टिंबाने मारायचं आणि वर हसायचं. याहून वरचा वर्ग या विद्येत नाही.

एक धोका तेवढा आहे. बऱ्याच फोनवर स्पेस दोनदा दाबली की टिंब आपोआप पडतं. म्हणजे तुमचा अंगठा तुम्हाला न विचारता भांडण काढू शकतो. तसं झालंच तर खुलासा करू नका. "अरे, टिंब चुकून पडलं." असं तुम्ही घाईघाईने लिहाल, आणि शेवटी पुन्हा तेच पडलेलं असेल.