प्रार्थना कीटकाची पिल्लं कोबीच्या पानावर जगत नाहीत

सध्या फिरणाऱ्या एका मेसेजात म्हटलंय की प्रार्थना कीटकाचा (प्रेइंग मँटिसचा) अंडीपुंज फुटला की सगळी पिल्लं एका डब्यात ठेवा, कोबीची पानं आणि साखरपाणी द्या, महिन्याभरात बागेतली कीड साफ. यातलं जवळपास सगळंच चूक आहे.

हा किडा पक्का मांसाहारी. एका पुंजातून कधी शंभराच्या वर, मुंगीएवढी पिल्लं धाग्यांना लोंबकळत बाहेर येतात. पहिला दिवस उपाशी गेला तरी चालतं, मग मात्र हलतं भक्ष्य हवं, म्हणजे चिलटं. बाटलीत पिकलेलं केळं उघडं ठेवून, चिलटं आत शिरली की तोंडाला फडकं बांधलं, की तीही घरीच तयार होतात. एकत्र ठेवलीत तर पिल्लं एकमेकांनाच खातात. म्हणून मोजकीच ठेवा, प्रत्येकाला वेगळा कप, वर जाळी. कात टाकताना ती उलटी लटकतात. त्यामुळे कपाची उंची अंगाच्या तिप्पट तरी हवी, नाहीतर पाय वाकडे होतात. पाणी फवाऱ्याने, अगदी थोडं.

बाकीची झुडपांवर लांब लांब सोडा, मुंग्या टाळून. आणि कीड साफ वगैरे विसरा: मोठा झालेला हा किडा मधमाशीही तितक्याच आवडीने खातो.