"नको असेल तर परत यावं" : एका प्रतिक्रियेला उत्तर

मालक, नमस्कार. (अक्कलकोट रोड एमआयडीसीत तुमचे टॉवेलचे माग आहेत असं तुम्हीच लिहिलंय. नसते तरी सोलापुरात अनोळखी माणसाला आपण मालकच म्हणतो.)

कतारला कामाला गेलेल्या माझ्या मावसभावाबद्दल मी लिहिलं, त्यावर तुमचं म्हणणं असं: "स्वखुशीने गेले, राहणं-जेवण फुकट, तरी रडगाणं. नको असेल तर परत यावं. इथं आम्हाला मागावर माणूस मिळत नाही. आणि सरकारी परवानगी काढून का गेला नाही?"

आधी माझी चूक. 'तिथले सगळे मालक सारखेच' हे मी रागाच्या भरात लिहिलं. त्याच्याच खोलीतल्या एका पोराचा पगार दर महिन्याला वेळेवर खात्यात पडतो. तिथला कायदाही बदललाय. 2020 पासून मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलता येते, मार्च 2021 पासून किमान वेतन 1000 रियाल आहे. पण राहणं-जेवण ही मेहेरबानी नव्हे हो. ते दिलं नाही तर खोलीचे 500 आणि जेवणाचे 300 रियाल वर मोजावे लागतात, हेही त्याच कायद्यात आहे.

आता 'परत यावं'. ऊसतोडीची उचल (आधी हातात घ्यायची आणि मग काम करून फेडायची रक्कम) काय असते हे सोलापूर जिल्ह्यातल्या माणसाला मी काय सांगू? उचल फिटायच्या आत टोळी सोडून गेलेला कोयता (ऊसतोड मजुरांची जोडी) तुम्ही पाहिलाय? आमच्या पोराची उचल इथलीच आहे. परवानाधारक एजंटाला 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. याच्याकडून 1,20,000 घेतले, आणि घेणारा परवानाधारकही नव्हता. पैसे शेकडा 3 ने काढले. म्हणजे महिन्याला 3,600 नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी.

इथं बोलणं झालं ड्रायव्हरचं, 1800 रियालचं. तिथं उतरल्यावर सहीला जो कागद पुढे आला त्यावर 1200, आणि काम गोदामात पोती उचलायचं. 1200 हे किमान वेतनाच्या वरच. 1800 चा आकडा फक्त एजंटाच्या तोंडात होता, त्यावर दाद कुठे मागणार? पासपोर्ट मॅनेजरच्या कपाटात. तेही तिथं बेकायदाच आहे, पण मागितला की "सुट्टीला जाशील तेव्हा देतो."

परवानगीचं म्हणाल, तर गंमत ऐका. दहावी न झालेल्याच्या पासपोर्टवर ईसीआर, म्हणजे 'परदेशी कामाला जाण्याआधी तपासणी आवश्यक', असा शेरा असतो. आखातात कामाला जाताना त्याचे कागद तपासल्याशिवाय सोडत नाहीत, 10 लाखांचा अपघात विमाही काढावाच लागतो. दहावी पास झाला की शेरा नाही, तपासणी नाही, विम्याची सक्ती नाही. मावशीने त्याला दोनदा परीक्षेला बसवून दहावी काढून घेतली होती.

मागावर माणूस मिळत नाही म्हणता, तर माझ्यापुरती एक सोय करा. तुमच्याकडे रोज काय पडतो, उचल किती देता आणि आठवड्याला किती कापता, ते इथंच खाली लिहा. शुक्रवारी त्याचा फोन येतो, वाचून दाखवतो.