वॉरंटीत इंजिन बदलायचंय? मग पुरावे आधी धुऊन काढा

वॉरंटी अजून जिवंत आहे आणि बॉनेटखालून ठकठक ऐकू यायला लागलीय, म्हणजे मुहूर्त आला. घाबरू नका, गाडी चालवत राहा. मीटरवर तेलाच्या किटलीचं लाल चिन्ह पेटलं, तरी सांगलीजवळच्या अंकलीच्या पुलापासून विश्रामबागचं सर्व्हिस सेंटर असं कितीसं लांब आहे? ऑइलचं प्रेशर नसताना तेवढ्या अंतरात रॉडची बेअरिंगं क्रँक (पिस्टनची वर-खाली हालचाल फिरण्यात बदलणारा दांडा) खरवडून मोकळी होतात, हे खरं. पण कडेला गाडी लावून टोइंगची वाट बघत उभं राहिलं आणि पाहुण्यांनी पाहिलं तर? शिवाय बंद करून थांबलात तर दोष इंजिनचा ठरेल. चालवत नेलीत तर तो तुमचा ठरेल, आणि आपण माणसं जबाबदारी घेणारी.

आता पुरावे. गाडीचा कॉम्प्युटर बिघाड नोंदवतो, तेव्हा त्या क्षणीचा आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान असं बरंच काही टिपून ठेवतो. असली चुगली गाडीत कशाला? ओळखीच्या फिटरकडे स्कॅनर असतोच. बिघाडाचे सगळे कोड पुसून घ्या. त्याच हाताने डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत ऑइल भरा. इंजिन तेल पितंय अशी तुमची तक्रार आहे, तेव्हा सर्व्हिस सेंटरला पोचताना तेल काठोकाठ हवंच. एरवी सर्व्हिस सेंटरवाले लेव्हल मोजतात, ड्रेन बोल्टला सील मारतात आणि ठरावीक किलोमीटर चालवून आणायला सांगतात. तुम्ही मधेच अर्धा लिटर ओतलात की सगळ्यांचा त्रास वाचतो.

सर्व्हिस बुकात 'दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते' असं छापलेलं असेल, तर 'आधी'च्या जागी 'नंतर' वाचावं. ऑइल बाहेर बदललं असेल तर ग्रेड लिहिलेलं पक्कं बिल घेऊ नका, मेस्त्रीचा शब्द पुरे. गाडी रीमॅप केली असेल, म्हणजे ताकद वाढवायला तिच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलला असेल, तर आदल्या दिवशी मूळ प्रोग्रॅम परत टाका. किती वेळा प्रोग्रॅम घातला याचा हिशेब कित्येक कॉम्प्युटर स्वतःच ठेवतात, पण तुमच्या चेहऱ्याकडे बघून ते विसरतील.

पावसाळ्यात मारुती चौकाच्या पाण्यात गाडी बंद पडली असेल, तर तिथेच पाच-सहा वेळा स्टार्टर मारा. सिलिंडरमधलं पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉडच वाकतो. मग 'मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट' म्हणून ठणकावून सांगा. एअर फिल्टरच्या डब्यात कृष्णेच्या गाळाची रेघ दिसेलच, पण ती काय, कुठेही येते. हे काम वॉरंटीचं नसून विम्यातल्या इंजिन प्रोटेक्शनचं असतं, आणि ते तुम्ही मागच्याच नूतनीकरणाला पैसे वाचवायला काढून टाकलेलं असतं.

गाडी सोडताना टाकी फुल्ल करा. कामगारांच्या ट्रायलला उपयोगी पडते. स्टेपनी, जॅक, डॅशकॅम आतच असू द्या. मीटरचा फोटो नको. जॉब कार्डावर, म्हणजे तक्रार आणि काम नोंदवायच्या कागदावर, 'थंड इंजिनला ठकठक, गरम झाल्यावर वाढते' असं कशाला लिहायचं? 'जनरल चेकअप' लिहा, सही करा, कॉपी मागू नका.

क्लेम चुकून मंजूर झालाच, तर 'नवं इंजिन येतंय' या तीन शब्दांवर भागवा. शॉर्ट ब्लॉक येतो म्हणजे ब्लॉक, क्रँक, रॉड, पिस्टन एवढंच. हेड, म्हणजे ब्लॉकवरचा व्हॉल्व्हचा भाग, जुनंच बसणार. लाँग ब्लॉकमध्ये हेड आणि कॅमशाफ्टही येतात. टर्बो, इंजेक्टर, अल्टरनेटर बहुधा जुन्यातलेच काढून लावतात. यातलं नेमकं काय येतंय, हे विचारणं म्हणजे अविश्वास दाखवणं. आणि ऑइल कूलरचं तर नावच काढू नका. जुन्या बेअरिंगचा चुरा कूलरच्या जाळीत आणि टर्बोच्या ऑइल लाइनमध्ये अडकून बसलेला असतो. तो साफ होणं कठीण, म्हणून शहाणा मेस्त्री कूलरच बदलतो. आपण मात्र तोच जुना लावू द्यायचा. नवं तेल तो चुरा उचलून थेट नव्या बेअरिंगांवर नेतं आणि पुन्हा तीच ठकठक. बहुतेक ठिकाणी नव्या इंजिनला वॉरंटी जुन्याचीच उरलेली असते. तीही तोवर संपत आलेली असते, हा आणखी एक फायदा.

गॅस्केट, कूलंट, ऑइल, एसीचा गॅस क्लेममध्ये धरलाय का, हे लेखी विचारू नका. डिलिव्हरीच्या दिवशी कॅशियर सांगेलच.

राहिला इंजिन नंबर. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदललं की १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. आरसीवर, विमा पॉलिसीवर नवा नंबर चढवायचा. काचेवरच्या एचएसआरपी (हाय सिक्युरिटी नंबर प्लेट) स्टिकरवरसुद्धा इंजिन नंबर असतो, म्हणजे तेही नवं. कर्ज असेल तर बँकेलाही कळवायचं. त्यासाठी सर्व्हिस सेंटरकडून नव्या इंजिनचं बिल आणि नंबर बदलल्याचं पत्र त्याच दिवशी घ्यावं लागतं. एवढ्या कागदांत कोण पडतो? तुम्ही सरळ कोल्हापूर रोडला लावा आणि पहिल्याच दिवशी सहाव्या गिअरला एकशेवीस दाबा. पत्र गाडी विकताना मागायला जा. तोवर वर्कशॉप मॅनेजर बदललेला असेल, सिस्टीमही बदललेली असेल आणि तुमचा जॉब कार्ड नंबर, अर्थातच, तुमच्याकडे नसेल.