आण्णांच्या तेराव्याला जे कुणी बोललं नाही

आमचे थोरले चुलते, आण्णा, श्रावणात गेले. वय ७४. मंगळवेढ्याच्या दक्षिणेला ज्या ३५ गावांच्या पाण्याचा विषय दर निवडणुकीला निघतो, त्यातलंच आमचं एक गाव. चौकात फ्लेक्स लागला, तेराव्याला दोघं-तिघं बोलले. कष्टाळू माणूस, काळ्या आईचा लेक, बळीराजा हरपला. एकानं तर भाषण थेट दामाजीपंतांच्या कोठारापर्यंत नेलं. मी खाली मान घालून ऐकत होतो आणि आतून चिडत होतो.

कष्ट केले, खरंय. पण कष्ट बैलही करतो की. आण्णांना काय येत होतं, हे कुणीच सांगितलं नाही.

पाऊस उघडला की ते रानात जाऊन वीतभर खालची माती उकरायचे, मुठीत दाबून गोळा करायचे आणि तो खाली टाकायचे. विस्कटला तर वाफसा आला, पेरायचं. नुसता चेपला तर थांबायचं. शाळूला, म्हणजे रब्बीच्या ज्वारीला, पेरल्यावर पाऊस मिळेलच असं आमच्याकडं नसतं. हस्ताचा पडून गेला की जमिनीतल्या ओलीवर पीक काढायचं. चार महिने पुरेल एवढी ओल खाली आहे का, याचा हिशेब त्या मुठीत व्हायचा.

मग कोळपण्या, उभ्या पिकाच्या ओळींतून कोळपं फिरवायचं. पहिली तणासाठी, तीन आठवड्यांनी. दुसरी पाचव्या आठवड्याला. तिसरी आठव्याच्या सुमाराला, तण असो-नसो. मी शाळेत असताना विचारलं होतं, गवत तर दिसत नाही, मग कोळपं कशाला? म्हणाले, "आरं, रानाला गोधडी पांघरतोय." काळी जमीन उकलली की भेगांतून ओल उडून जाते. वरची माती भुसभुशीत करून त्या भेगा बुजवायच्या, बास. 'एक कोळपणी, अर्धं पाणी' हे मी पुढं कृषीच्या पुस्तकात वाचलं. पुस्तकात होतं म्हणून ते ज्ञान, आणि आण्णा करत होते ते कष्ट?

बियाणं मालदांडीचं, शाळूचा जुना वाण. कापणी नाही, उपटून काढणी. त्या आधी रानभर फिरून चांगली कणसं ते स्वतः हेरून ठेवायचे. २०१६ ला मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालं. मी पेपरातली बातमी वाचून दाखवली, तर म्हणाले, "मग आता कडबा किती रुपयानं जाणार?" बरोबर होतं त्यांचं. दुष्काळी सालाला आमच्याकडं दाण्यापेक्षा कडबाच माणसाला तारतो.

७२ ला ते एकविशीत होते. दुष्काळी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली, मिलोच्या लाल भाकरी खाल्ल्या. त्यावर फार बोलत नसत. फक्त घरच्या पेवात वर्षाचा जोंधळा असल्याशिवाय एक पोतं बाजारात जाऊ द्यायचे नाहीत. यावरून घरात भांडणं झाली, आणि मी तेव्हा चुलतभावाच्या बाजूनं होतो.

उगाच गोडवे गायचे नाहीत मला. आण्णा हेकट होते. उपटून उपटून हाताची सालटी निघतात, काढणीला माणूस मिळत नाही, आणि भाव बघितला तर पोरानं शाळू का करावा? जिथं कॅनॉल पोचला तिथं ऊस झाला, त्यात नवल काय. चुलतभावानं डाळिंब लावलं, तेल्या रोग आला, बाग काढून टाकली. आण्णा एका शब्दानं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्या तुकड्यात कुळव घेऊन गेले.

आपल्याला शेतकरी दोनच रूपांत दिसतो. एक पोस्टरवरचा राजा, नाहीतर आत्महत्येच्या आकड्यातला एक. मधला जो कारागीर आहे, ज्याला आपल्या आठ एकरातली कुठली पट्टी कधी वाळते हे ठाऊक असतं, त्याच्यासाठी आपल्याकडं शब्दच नाही. सोलापुरात मागावर चादर विणणाऱ्याला आपण कारागीर म्हणतो. मग हा कोण?

परवा चुलतभावाचा व्हॉट्सॲपवर फोटो आला. हातात मातीचा गोळा, खाली प्रश्न: "पेरू का?" मी सोलापुरात हिशेबनीस. मला काय कळतंय फोटोवरून? मी फोन लावला. मागून चुलतीचा आवाज आला, "आण बघू इकडं." मग थोडा वेळ कुणीच बोलेना. "दोन दिस थांब. खालची पट्टी आजून गार हाय."

चुलती पन्नास वर्षं त्याच रानात आहे. तेराव्याला तिच्याबद्दलही कुणी बोललं नव्हतं. मी सुद्धा नाही.